बाळ-बाळंतिणीसाठी गृहभेट : गडचिरोली ते मीरा-भाईंदर

मूल रुग्णालयात सुखरूप जन्मले की धोका टळला, असे आपण सहज मानतो. वस्तुत: जन्मानंतरचे पहिले 28 दिवस बालकाच्या जीवनातील सर्वांत नाजूक असतात आणि त्यांतील बहुतेक दिवस ते घरीच असते. आरोग्यसेविकेने स्वत: घरी जाऊन बाळाची तपासणी करावी, हा गृहभेटीचा हेतू होय.

या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून गडचिरोलीतील 39 गावांत स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षित केले. बाळाचे वजन घेणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे, ही कामे त्या घरोघरी करीत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांच्या मानाने, तेथील नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

2011 मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत गृहभेटींची योजना देशभर सुरू केली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. प्रसूती घरी झाल्यास पहिल्या दिवशीही एक भेट असते. 2018 पासून पुढे 15 महिन्यांपर्यंत पाच भेटींची जोड मिळाली. बेचाळीस दिवस म्हणजे जवळजवळ आपला सव्वा महिनाच! मात्र त्याच काळात बाळाला मध किंवा घुटी चाटवण्याची प्रथा आशाताईंच्या सल्ल्याच्या आड येते. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे असते.

शहरात अडचण निराळी आहे. उत्तन-डोंगरीसारख्या जुन्या गावठाणात कोण बाळंत झाले हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. मीरा रोडच्या भाड्याच्या खोलीत ते कळत नाही. पहिली प्रसूती माहेरी झाली तर भेटींचा क्रम तुटतो. शिवाय नागरी आशा प्रामुख्याने दुर्बल वस्त्यांसाठी नेमल्या जातात, त्यामुळे इमारतींतील कुटुंबांनी स्वत:च पालिकेच्या आरोग्य केंद्रात नोंद करावी, हे बरे.

बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले, अंग थंड वा तापलेले लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर पुढील भेटीची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.