बग एका ठिकाणी, पॅच दुसऱ्याच

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईला घेऊन अमेरिकेत फिरत होतो. एका विमानतळावर (नाव नको, उगाच कशाला) तिला त्या काचेच्या गोल खोपट्यात उभं केलं. जमिनीवर काढलेल्या पावलांवर पाय, हात डोक्याच्या वर. यंत्राचा खांब गर्रकन फिरला आणि बाहेरच्या पडद्यावर एक बाहुलं आलं. त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर पिवळे चौकोन. साडीच्या निऱ्या! मग निळे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी, आईला ऐकू कमी येत असावं अशा आवाजात, आपण कुठे कुठे हात लावणार आहोत ते तिला सांगितलं. मी पलीकडे, आईच्या चपला आणि दोन ट्रे घेऊन मख्खासारखा उभा. आई माझ्याकडे बघत नव्हती.

रात्री खिचडी खाताना एवढंच म्हणाली, "काय रे, एवढं मोठं मशीन आणि त्याला साडी कळत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून पोट भरणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच. मग दोन-तीन वीकएंड वाचत बसलो. त्यातून हाती लागलं ते असं.

विमानात चढण्याआधी प्रत्येकाला तपासायचं ही पद्धत तशी अलीकडचीच. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत १३० च्या वर विमानं पळवली गेली, त्यातली बरीचशी क्यूबाला. तरीही विमान कंपन्या तपासणीला राजी नव्हत्या. का, तर गिऱ्हाईक दुखावेल! नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचं विमान पळवणाऱ्यांनी ते ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळायची धमकी दिली, तेव्हा कुठे सगळे जागे झाले. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. मेटल डिटेक्टरची ती चौकट तेव्हापासून आपल्या नशिबी आली.

चौकटीला कळतो तो फक्त धातू. पिस्तूल आणि सुरेवाल्यांच्या जमान्यात तेवढं पुरत होतं. पण पीईटीएनसारख्या स्फोटकात धातू नसतो. डिसेंबर २००१ मध्ये रिचर्ड रीड नावाचा इसम तेच बुटात भरून पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बसला. काड्या ओढल्या, बूट पेटेना, लोकांनी धरून बांधून ठेवला. त्या एका जोडापायी अमेरिकेतल्या विमानतळांवर लोक पुढची वीसेक वर्षं बूट काढत राहिले. ते बंद झालं थेट जुलै २०२५ मध्ये.

आता कपड्यांच्या आतलं दाखवणाऱ्या यंत्राकडे येऊ. ज्यांनी इंजिनियरिंगला डीएसपी घेतलं होतं (आणि केटी न लागता सुटले) त्यांना स्टीव्हन स्मिथ हे नाव आठवेल. नेटवर फुकट मिळणारं डीएसपीवरचं ते जाडजूड पुस्तक त्याचं. सबमिशनच्या आदल्या रात्री त्या पुस्तकाने मला तारलंय. याच स्मिथने १९९२ मध्ये सॅन डिएगोत 'सिक्युअर १०००' हे यंत्र बनवलं होतं, हे मात्र मला आत्ता कळलं.

यंत्राची कल्पना झकास आहे. दवाखान्यातला एक्स-रे शरीराच्या आरपार जातो. इथे अगदी कमी शक्तीचा एक बारीक किरण अंगावरून ओळीओळीने फिरतो आणि अंगावरून उसळून परत किती आलं ते मोजलं जातं. त्वचा, प्लॅस्टिक, स्फोटकं असल्या हलक्या मूलद्रव्यांच्या वस्तू किरण जास्त परत पाठवतात, म्हणून उजळ दिसतात. धातू ते गिळून टाकतो, म्हणून काळा दिसतो. कपडे जवळपास दिसतच नाहीत. आणि माणसाच्या आजूबाजूची मोकळी जागा? तिथून काहीच परत येत नाही, म्हणून तीही काळी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला ही यंत्रं तुरुंगात आणि अमली पदार्थ शोधणाऱ्या कस्टमवाल्यांकडे गेली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीत यावर चर्चा झाली. काही सदस्यांना प्रश्न पडला की ना रोगाचं निदान, ना उपचार, नुसती झडती घ्यायला धडधाकट माणसांवर एक्स-रे सोडायचे? त्यावर स्मिथनेच सांगितलं की पुढच्या पाच वर्षांत तरी ही यंत्रं विमानतळांवर वगैरे दिसणार नाहीत. अंदाज खरा ठरला म्हणायचा. टीएसएने, म्हणजे तिकडच्या विमानतळ सुरक्षेच्या खात्याने, पहिला प्रयोग केला तो २००७ मध्ये, फीनिक्सला. २००९ संपताना अख्ख्या अमेरिकेत १९ विमानतळांवर मिळून ४० बॉडी स्कॅनर होते. काही एक्स-रेवाले, काही मिलिमीटर लहरींवर चालणारे (आईला भेटला तो या दुसऱ्या जातीचा).

आणि मग आला २५ डिसेंबर २००९. उमर फारूक अब्दुलमुतल्लब हा तेवीस वर्षांचा नायजेरियन मुलगा ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटच्या विमानात बसला. सत्तर-ऐंशी ग्रॅम पीईटीएन अंतर्वस्त्रात शिवलेलं. मेटल डिटेक्टरमधून आरामात पार. विमान उतरायच्या बेताला असताना त्याने ते पेटवलं. स्फोट नीट झाला नाही, तो स्वतःच भाजला आणि प्रवाशांनी त्याला दाबून धरला. जवळपास तीनशे माणसं वाचली ती केवळ बॉम्ब बिघडला म्हणून.

आता खरी गोम. या मुलाचे वडील नायजेरियातले मोठे बँकर. पोराचं काहीतरी बिनसलंय, तो येमेनमध्ये अतिरेक्यांच्या नादी लागलाय, हे ते महिनाभर आधी स्वतः अमेरिकेच्या वकिलातीत जाऊन सांगून आले होते. विचार करा, बापाने स्वतःच्या मुलाची खबर द्यायची म्हणजे काय काळीज लागलं असेल. नाव एका मोठ्या डेटाबेसमध्ये गेलं. मात्र ज्या यादीतल्या लोकांना विमानात चढू देत नाहीत, त्या यादीत गेलं नाही. परराष्ट्र खात्याने त्याच्याकडे व्हिसा आहे का ते तपासलं. आणि तपासताना नावाचं स्पेलिंग चुकलं! रेकॉर्ड सापडलं नाही, सबब व्हिसा नाही असा निष्कर्ष. व्हिसा होता, चालू होता.

ज्याचं स्पेलिंग पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरंच आहे अशा कुठल्याही लक्ष्मीकांतला विचारा, नाव शोधताना अक्षर हुकू शकतं हे त्याला शेंबड्या वयापासून माहीत असतं. केवळ त्या एका स्पेलिंगमुळे सगळं घडलं असं नाही. येमेनहून आलेल्या बाकीच्या खबराही वेगवेगळ्या टेबलांवर पडून होत्या, कोणी त्या एकत्र जोडल्या नाहीत. व्हाइट हाउसच्या जानेवारी २०१० च्या अहवालात हे सगळं लिहून ठेवलंय. थोडक्यात, माहिती होती, जॉइन लागला नाही.

आणि फिक्स काय आला? बॉडी स्कॅनर. वर्षभरात चाळिसाचे जवळजवळ पाचशे झाले. माजी गृहसुरक्षा मंत्री मायकेल चेर्टॉफ टीव्हीवर स्कॅनरची तरफदारी करत होते. त्यांची सल्लागार कंपनी स्कॅनर बनवणाऱ्या रॅपिस्कॅनला सल्ला द्यायची, ही बाब नंतर चर्चेत आली. मार्च २०१० मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी संसदेपुढे सांगितलं की या यंत्राने तो डिसेंबरातला बॉम्ब सापडला असता की नाही हे स्पष्ट नाही. तोवर खरेदी सुरू झालेली.

स्कॅनरवाल्यांची बाजूही खोटी नव्हती. धातू नसलेलं स्फोटक चौकटीला दिसत नाही, हे डेट्रॉइटने सिद्धच केलं होतं. याद्या उद्या कितीही सुधारल्या तरी यादीत नसलेला माणूस येणारच. त्याला कुठे अडवायचं? हा प्रश्न मलाही सोडवता येत नाही.

विरोध झाला तो मुख्यतः चित्राचा. एक्स-रेवालं यंत्र माणसाचं जवळपास नागडं चित्र काढायचं आणि वेगळ्या खोलीत बसलेला कर्मचारी ते बघायचा. चित्रं साठवली जात नाहीत, असं टीएसए छातीठोकपणे सांगत होती. एपिक नावाच्या संस्थेने माहितीच्या अधिकारात कागद काढले, तर यंत्राच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेलं की चाचणी मोडमध्ये चित्र साठवता आणि पाठवता आलं पाहिजे. (टेस्ट फ्लॅग प्रॉडक्शनमध्ये चालू राहिला, असं आपल्याकडे कधीच होत नाही म्हणा!) ऑरलँडोच्या एका न्यायालयात, दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर, पस्तीस हजारांहून जास्त चित्रं साठलेली निघाली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०१० मध्ये, शाहरुख खानने ब्रिटिश टीव्हीवर किस्सा सांगितला की हीथ्रोवर त्याच्या स्कॅनचे प्रिंट काढून मुलींनी त्यावर त्याच्या सह्या घेतल्या. विमानतळ कंपनीने हे साफ नाकारलं, आमच्या यंत्राला प्रिंट काढताच येत नाही म्हणाले. किस्सा थापेचा असेलही, पण लोकांना तो सहज खरा वाटला.

किरणांचं भय मला जरा जास्त वाटलं. एका स्कॅनला साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे विमान उंचावर असताना दोनेक मिनिटांत आपल्याला आकाशातून मिळतं तेवढं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही शास्त्रज्ञांनी एप्रिल २०१० मध्ये व्हाइट हाउसला पत्र लिहिलं, की हा डोस सगळ्या शरीरात पसरत नाही, कातडीत एकवटतो, तेव्हा तुलना चुकीची आहे. सरकारने ते मान्य केलं नाही. युरोपने मात्र नोव्हेंबर २०११ मध्ये नियमच केला की स्कॅनर वापरा, पण एक्स-रेवाला नको.

ज्यांना स्कॅनर नको त्यांच्यासाठी अंगझडती होती, आणि २०१० च्या शेवटी ती मुद्दाम जास्त कडक केली गेली. सॅन डिएगोत एका प्रवाशाने दोन्हींना नकार दिला, सगळं संभाषण फोनवर रेकॉर्ड केलं आणि अमेरिकाभर गाजला. तो आपल्यातलाच, सॉफ्टवेअरवाला. हे वाचताना मला जरा गंमत वाटली. आपल्याकडे त्या फळीवर चढून हात पसरले की सीआयएसएफचा जवान रोज हजारोंची झडती घेतो, कोणी चकार शब्द काढत नाही. पण आपल्याकडे बायकांसाठी पडदा असतो, आत बाईच असते, आणि ती साडी नेसलेली बाई रोज बघते. तिला निऱ्या म्हणजे काय ते समजावावं लागत नाही.

एपिकचा खटला जुलै २०११ मध्ये निकाली निघाला. कोर्ट म्हणालं, स्कॅनर घटनाबाह्य नाहीत, पण लोकांच्या हरकती मागवल्याशिवाय लावले हे चुकलं, आता तरी मागवा. अंतिम नियम आला मार्च २०१६ मध्ये. सरकारी वेग सगळीकडे सारखाच!

मग ती नागडी चित्रं गेली कशाने? सॉफ्टवेअरने. चित्र माणसाला दाखवायचंच नाही, यंत्रानेच संशयास्पद जागा शोधून एका ठरावीक बाहुल्यावर चौकोन काढायचा. संसदेने यासाठी आधी जून २०१२ आणि मग वाढवून मे २०१३ ची मुदत दिली. मिलिमीटर लहरीवाल्यांना हे जमलं. रॅपिस्कॅनला मुदतीत जमणार नाही हे दिसल्यावर जानेवारी २०१३ मध्ये कंत्राट संपलं आणि विमानतळांवर उरलेली १७४ एक्स-रे यंत्रं उचलली गेली. काही पुढे तुरुंगांत पोचली. शास्त्रज्ञांची पत्रं, खटले, मोर्चे यांनी जे झालं नाही ते एका हुकलेल्या डिलिव्हरीने झालं.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडली. सॅन डिएगो, मिशिगन आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांच्या संशोधकांनी एक जुना 'सिक्युअर १०००' चक्क ईबेवर विकत घेतला. आत एमएस-डॉसवर चालणारा प्रोग्राम! २०१४ मध्ये त्यांनी निबंध वाचला. आता ते मघाचं वाक्य आठवा. धातू काळा, आजूबाजूची जागाही काळी. मग पिस्तूल पोटावर न ठेवता अंगाच्या कडेला लटकवलं तर? काळ्यावर काळं, दिसतच नाही. आणि स्फोटकाची पातळ पोळी करून पोटावर थापली तर तीही त्वचेसारखी उजळ दिसते. म्हणजे ज्यासाठी हा सगळा घाट घातला, तेच निसटतं. यंत्र कसं चालतं हे माहीत नसलेल्या चोरालाच ते पकडणार. विकत घेताना असा प्रयोग बाहेरच्या कोणाला करू दिला असता तर हे आधीच कळलं असतं, एवढाच माझा राग आहे.

२०१५ मध्ये सरकारच्याच माणसांनी छुप्या चाचण्या घेतल्या, तेव्हा विमानतळांवरच्या ७० पैकी ६७ वेळा लपवलेली वस्तू पार गेली, ही बातमी फुटली आणि टीएसएच्या हंगामी प्रमुखाला हलवलं गेलं.

राहता राहिला आईचा प्रश्न. बाहुलं दाखवणाऱ्या यंत्राला 'नेहमीचं शरीर' कसं असतं हे कोणीतरी शिकवलेलं असतं. त्यापेक्षा वेगळं दिसलं की चौकोन. कर्मचारी पुरुष की बाई असं बटण दाबायचा, म्हणून तृतीयपंथीयांना हमखास चौकोन. शीखांच्या पगडीला चौकोन, कृष्णवर्णीय बायकांच्या वेण्यांना चौकोन. बटणाची गरज नसलेलं नवं सॉफ्टवेअर टीएसएने २०२२ मध्ये जाहीर केलं. जर्मनीत २०१०-११ मध्ये हॅम्बुर्ग विमानतळावर सुमारे आठ लाख प्रवाशांवर हे यंत्र तपासलं, तेव्हा खोट्या अलार्मचं एक कारण काय निघालं माहीत आहे? कपड्यांच्या घड्या. तिथल्या सरकारने त्या वेळी खरेदी थांबवली. सहा वार कापडाच्या निऱ्या त्यांच्या चाचणीत कुठून असणार?

आपल्याकडे २०१९ मध्ये ८४ विमानतळांवर वर्षभरात स्कॅनर लावायचा आदेश निघाला. मिलिमीटर लहरीवालेच, चित्राऐवजी बाहुलंवाले. ती मुदत हुकली. उशीर झालाच आहे तर चाचणीसाठी साड्या, धोतरं आणि फेटे उभे करा, एवढं कोणीतरी त्यांना सांगा.

परतीच्या प्रवासात आई शहाणी झाली. पंजाबी ड्रेस घातला, बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. खांब फिरला. या खेपेला चौकोन अंबाड्यावर.