शेकाट्या आणि उचाट्या

शेकाट्या (हिमँटोपस हिमँटोपस) आणि उचाट्या (रिकर्व्हिरोस्ट्रा अव्होसेटा) हे रिकर्व्हिरोस्ट्रिडी कुलातील काळे-पांढरे, लांब पायांचे पाणथळ पक्षी. मिठागरांत दोघेही दिसतात आणि सूर्यासमोर पाहताना नवख्याची गफलत होते. चोच दिसली की शंका उरत नाही. शेकाट्याची चोच सुईसारखी सरळ, तर उचाट्याची टोकाकडे वर वळलेली असते. शेकाट्याची लांबी ३५–४० सेंमी., उचाट्याची ४२–४६ सेंमी. भरते.

खरा फरक खाण्याच्या रीतीत आहे. शेकाट्याचे गुलाबी पाय शरीराच्या मानाने विलक्षण लांब. या प्रमाणात त्याच्यापुढे रोहितच. पोटरीभर पाण्यात उभे राहून तो किडे व अळ्या नजरेने हेरून एकेक टिपतो. उचाट्या बहुधा स्पर्शावर भिस्त ठेवतो. किंचित उघडी चोच पातळ चिखलात डावी-उजवीकडे फिरवत तो पुढे सरकतो आणि चोचीला लागणारे कृमी व बारीक कवचधारी जीव गिळतो. त्याच्या निळसर राखाडी पायांच्या बोटांत पडदा असतो, त्यामुळे तो सहज पोहतो. शेकाट्या क्वचितच पोहतो.

शेकाट्या महाराष्ट्रात बारमाही आढळतो. तळी, भातखाचरे, धरणांचे काठ यांबरोबर सांडपाण्याची डबकीही त्याला चालतात. पुण्यात मुळा-मुठेच्या दूषित पाण्यात त्याचे मोठे थवे दिसतात. ते पाहून नदी सुधारल्याचे मानणे धोक्याचे आहे, कारण घाण पाण्यात माजणाऱ्या अळ्या हेच त्याचे खाद्य. उचाट्या मात्र हिवाळी पाहुणा. ठाण्याच्या खाडीसारख्या उथळ, खारट दलदलींत तो उतरतो. भारतात त्याची वीण कच्छच्या रणात होते.

दोघेही उघड्या जमिनीवर घरटे करून साधारणपणे ४ अंडी घालतात. कडक उन्हात शेकाट्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतो आणि अंडी थंड राखतो.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात उचाट्याची वीण थांबली होती. दुसऱ्या महायुद्धात सफक परगण्यातील मिन्समिअरची किनारी कुरणे शत्रूला अडवण्यासाठी पाण्याखाली घातली गेली. १९४७ मध्ये तिथे आणि जवळच्या हॅव्हरगेट बेटावर हे पक्षी पुन्हा घरटी करू लागले. तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने पुढे उचाट्यालाच आपले बोधचिन्ह केले.