देवाचा दरबार आणि मिशनचा पगार

चर्चमध्ये माणसाचा अधिकार किती असावा, हा प्रश्न रेव्हरंड ना. वा. टिळकांनी नुसता लिहून सोडून दिला नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे जागा होती. मला हे नावच महत्त्वाचे वाटते. दरबार देवाचा, म्हणजे टिळकही तेथे सेवकच. तरीही परदेशी मिशनऱ्याच्या रिकाम्या जागी देशी गुरू बसण्याचा धोका होताच. भक्तीच्या आपल्या परंपरेत तो काही नवा नव्हे. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि त्यांच्यामागे दरबाराने फारसे मूळ धरले नाही.