शिळफाटा ते शिंगरोबा : आपल्या रस्त्याची सायकलवरची हकीकत

स्मरणिकेच्या समितीने मला ‘आपल्या परिसराचा इतिहास’ हा विषय दिला. सोसायटीची नोंदणी, पाण्याचे टँकर, लिफ्टचे भांडण, कन्व्हेयन्सची धावपळ हे सगळे इतर मंडळी लिहिणार आहेतच. मी त्याच्या आधीचे लिहितो. म्हणजे इथे इमारती नव्हत्या, भातखाचरे होती, आणि आपल्या गेटबाहेरचा रस्ता मी सायकलवरून ओळखत होतो, तेव्हाचे.

आधी नाव. शीळ गावाजवळ रस्त्याला फाटा फुटतो म्हणून शिळफाटा. ठाण्याहून मुंब्र्यावरून येणारा रस्ता इथून पनवेलकडे जातो आणि कल्याणचा रस्ता इथेच त्याला मिळतो. आज महापेकडून येणारी गर्दीही त्यात भर घालते. आपल्या मुलांना हा ट्रॅफिक जॅमचा चौक वाटतो, आणि त्यांचे चूक नाही. पण एके काळी हा मुंबई-पुणे रस्ता होता. वाशीच्या खाडीवर पूल नव्हता. तो १९७३ साली सुरू झाला. तोपर्यंत मुंबईहून पुण्याला मोटारीने निघालेल्या माणसाला ठाणे, मुंब्रा, शिळफाटा, तळोजा, पनवेल असाच वळसा होता. पुढे चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. गाड्यांसाठी घाटातला रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला. लोहमार्ग घाट चढला तो त्यानंतर तीसेक वर्षांनी.

मुंबई-पुणे सायकल शर्यत हे नाव आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. त्या शर्यतीत पुण्याला पहिला येणाऱ्याचा मान मोठाच, पण घाटाचा टप्पा सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत, आणि पोरांच्या तोंडी तेच नाव जास्त असे. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीतही डोंगर चढण्याचा मान १९३३ पासून वेगळा मोजतात. सपाटीवर दहा जणांच्या आडोशाने वारा चुकवता येतो. चढावर ज्याचे ओझे त्यालाच वाहावे लागते. म्हणून लोकांना तो मान खरा वाटत असावा.

आम्हा चौघांना हे वेड १९७५ साली लागले. चौघेही डोंबिवलीचे. एक एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, एक शाळामास्तर, एक दूधवाला आणि मी नुकताच बँकेत चिकटलेला कारकून. आम्ही एकमेकांना धंद्यानेच हाक मारायचो, तेव्हा इथेही तीच नावे ठेवतो. वाशीचा पूल होऊन दोन वर्षे झाली होती. बऱ्याच मोटारी तिकडे वळल्या होत्या, त्यामुळे पहाटे आमचा रस्ता सायकलला पुरेसा मोकळा मिळे.

सायकली साध्याच. दूधवाल्याची अॅटलास, माझी वडिलांची जुनी हर्क्युलस. गिअरच्या सायकली फक्त फोटोत बघायच्या. फिटरने चारही सायकलींचे मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड उतरवले आणि हँडल उलटे बसवले. झाली रेसिंग सायकल! तरी वजन सोळा-सतरा किलो असेलच. मी बँकेतला माणूस, हिशेब मांडला: पुढे ४४ दाते, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या सलग मारल्या तर तासाला साडेएकोणीस किलोमीटर. फिटर म्हणाला, “कागदावर घाट नसतो रे.” मागे १६ दात्यांचे फ्रीव्हील लावले तर सपाटीवर वेग वाढतो, पण घाटात गुडघे बोलतात. आम्ही १८ वरच राहिलो.

सराव माघात सुरू केला. सकाळी पाचला मानपाडा, काटई करत शिळफाट्याला यायचे, टपरीवर चहा, आणि परत. रविवारी पनवेलपर्यंत. युरोपात वसंत म्हणजे शर्यतींचा हंगाम. इटलीतली मिलान ते सान रेमो ही १९०७ साली सुरू झालेली शर्यत बहुतेक मार्चमध्ये होते. आपल्याकडे वसंत आला की पळस फुलतो आणि अंगाची लाही होते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो. त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि मीठ मात्र जाते. हे आम्हाला कळत नव्हते. खिशात गूळ-शेंगदाणे आणि खांद्याला शाळेच्या पोरांची वॉटरबॅग, एवढीच तयारी.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी आम्ही आपसांत शर्यत लावली. शिळफाट्याहून निघायचे आणि बोरघाटातल्या शिंगरोबाच्या देवळाला जो आधी पोचेल तो जिंकला. शिंगरोबा म्हणजे इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर, आणि वाट मिळाल्यावर त्यांनीच त्याला मारले, अशी आख्यायिका आहे. आजही गाडीवाले तिथे थांबून हात जोडतात.

साडेपाचला निघालो. पनवेलपर्यंत चौघे सोबत होतो. चौकनंतर दूधवाला मागे पडला, त्याची चेन सारखी उतरत होती. खोपोलीला पोचेपर्यंत सव्वाआठ वाजले आणि ऊन चढले. घाटाच्या पहिल्याच चढाला फिटर पुढे, मी त्याच्या मागे, मास्तर माझ्या मागे. थोड्या वेळाने मागून सायकल पडल्याचा आवाज आला. वळून पाहिले तर मास्तर रस्त्याच्या कडेला बसला होता, मान खाली. फिटरने पाहिले आणि सायकल वळवली. माझ्या शेजारून उतारावर गेला. एक शब्द बोलला नाही.

मी थांबलो नाही. फिटर गेलाय ना, दोघांचे काय काम, असा मनाशी हिशेब केला आणि पायडल मारत राहिलो. शेवटची वळणे उतरून, ढकलत चढलो. देवळापाशी पोचलो तेव्हा बघायला कोणी नव्हते. सावलीत अर्धा तास बसलो. मग भीती वाटली आणि खाली आलो. फिटरने मास्तराला झाडाखाली निजवून डोक्यावर ओला पंचा ठेवला होता, जवळच्या घरातून मीठ-साखरेचे पाणी आणून चमच्याचमच्याने पाजत होता. मास्तर बरळत होता. फिटरने माझ्याकडे पाहिले. “आलास? धर याला, टेम्पो थांबवू.”

मास्तर दोन दिवसांत बरा झाला. पुढच्या रविवारी टपरीवर तिघांनी मला ‘घाटाचा राजा’ म्हणून भजी खिलवली. कोणी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरे झाले असते. फिटर आमच्यात सर्वांत चांगला चढणारा होता हे चौघांनाही ठाऊक होते. तो दोन वर्षांपूर्वी गेला. पन्नास वर्षांत ही गोष्ट आमच्या बोलण्यात आली नाही, मीही काढली नाही. इथे लिहितो आहे ते पहिल्यांदाच.

सायकलचा इतिहास मोठा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १९२८ साली परतले. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. एक सायकलवर, दुसरा विश्रांती घेत मागे गाडीत, मग अदलाबदल. हे वाचताना मला आमचा घाट आठवला. इतक्या लांबच्या शर्यतीतही सोबत्याला सांभाळावेच लागते.

आता आपल्या गेटबाहेर ट्रक, कंटेनर, पुलांची आणि मेट्रोची कामे. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून शिळफाट्यालाच संपणार आहे. पण पोराला सायकलवर क्लासला पाठवायची कोणत्याही आईची छाती होत नाही. आपल्या जिन्याखाली धूळ खाणाऱ्या सायकली भंगारात काढून तिथे स्कूटरची जागा करावी, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. माझे मत विरोधात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भंगारात द्यायच्या त्या द्या, पण ज्या चालू होतील त्या चालू करूया. त्यांतल्या तीन मी पदरच्या पैशाने दुरुस्त करून घेतल्या आहेत. किल्ल्या वॉचमनकडे आहेत.

रविवारी सकाळी सहाला, रस्ता जरा शांत असताना, खिडकाळीच्या देवळापर्यंत जाऊन यायचा बेत आहे. मोठ्या माणसांनी मुलांसोबत यावे, हेल्मेट आणि पाण्याची बाटली आणावी, पाण्यात चिमूटभर मीठ टाकावे. पुढे कोणीही राहा. सगळ्यांत मागे मी असेन.