अंदाज : डोळ्याचा की हाताचा?

भंडाऱ्याकडच्या बांधीत रोवणी चाललेली असते. पेंढीतून पऱ्ह्यांची तीन-चार रोपे सुटतात, चिखलात शिरतात, की पुढची चिमूट वीतभर अंतरावर. किती अंतर म्हणून विचारावे, तर वर न पाहता उत्तर येते : ‘अंदाजानं जी!’

‘वीत’ सरळ आहे. संस्कृत ‘वितस्ति’, प्राकृत ‘विहत्थि’, मग वीत. ओंजळ ‘अंजली’तून आली, पसा ‘प्रसृती’तून. ही सारी हाताची मापे. पण अंदाज? त्याला आपण डोळ्याचा समजतो.

फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. ‘अंदाज’ हे त्याचेच धातुरूप. म्हणून तीर फेकणारा तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा गोलंदाज, आणि वीज (बर्क) फेकणारा तो बंदूकवाला बरकंदाज. पुढे क्रिकेटने गोलंदाजाच्या हाती चेंडू दिला आणि त्याच्या जोडीला फलंदाज घडवला. हा बिचारा काहीच फेकत नाही! फारसीतच ‘अंदाजा’ म्हणजे माप. पहलवीत या धातूला योजणे, ठरवणे असाही अर्थ दिसतो, आणि अरबीतला भूमितीवाचक ‘हन्दसा’ इथूनच गेला असावा. फेकणे आणि मापणे एकत्र कसे आले असावे? आंब्यावर दगड मारून पाहा. अंतर किती ते खांद्याला आधी कळते. डोळ्याच्या वाट्याला मात्र हिंदी-उर्दूत ‘नजरअंदाज’ आला, म्हणजे दुर्लक्ष.

आपले शास्त्रकार इंद्रियांनी थेट होणाऱ्या ज्ञानाला ‘प्रत्यक्ष’ म्हणतात. त्यातला ‘अक्ष’ डोळा वाटतो, पण टीकाकार तो ‘इंद्रिय’ असाच घेतात, त्वचेसकट. नैयायिकांचा ‘सन्निकर्ष’ तर आणखी मजेचा : इंद्रिय आणि वस्तू यांचे जवळ येणे. त्यातला ‘कृष्’ म्हणजे ओढणे, आणि नांगर ओढणेही; ‘कृषी’ त्याचीच. तर्कशास्त्राचा हा शब्द चिखलात पाय रोवून उभा आहे, हे मला फार आवडते. फ्रेंच तत्त्वज्ञ मॉरिस मेर्लो-पाँती यांनी 1945च्या ग्रंथात आंधळ्याची काठी घेतली : सवयीने ती हाताचाच भाग होते, स्पर्श तिच्या टोकाशी कळतो. यालाच मराठी ‘अंगवळणी पडणे’ म्हणते.

रोवलेले धान शेवटी भाण्यात येते. ‘भाणे’ हे ‘भाजन’चे रूप असावे; आणि पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्याचे जुने ‘भानारा’ हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. रतनपूरच्या 1114च्या शिलालेखात ते येते. त्या भाण्यात भात किती वाढायचा, हेही अंदाजानेच.