मायक्रोफायनान्सच्या कर्जाने छोटा धंदा वाढतो का?

मायक्रोफायनान्स म्हणजे तारण न मागता कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेलं छोटं कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज या व्याख्येत बसतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. कर्ज मोठी बँक देवो, स्मॉल फायनान्स बँक देवो की मायक्रोफायनान्स कंपनी, नियम तोच.

बोलताना मात्र लोक बचत गट आणि कंपनीचा गट एकाच टोपलीत टाकतात. दोन्हींत फरक आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने तो मोठा आहे. बचत गटातल्या बायका आधी स्वतः दरमहा बचत करतात, त्यातून एकमेकींना उसनवार देतात, गटाच्या नावाने बँकेत खातं असतं आणि बँक गटाला कर्ज देते. कर्नाटकात मायराडा संस्थेने १९८० च्या दशकात असे गट उभे केले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांचा प्रयोग हाती घेतला आणि पुढे तो देशभर पसरला. कंपनीच्या गटात तसं नसतं. पाच-दहा जणी एकमेकींची हमी घेतात, पण कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळं. बचत नाही, फक्त मीटिंग आणि हप्ता. ही पद्धत बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेकडून आली.

खरं तर तारणाऐवजी एकमेकांच्या ओळखीवर पैसा द्यायची कल्पना मराठी माणसाला नवी नव्हती. बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्येच ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ काढली होती. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात नेण्याचं काम प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५ पासून केलं. खानावळवालीचा धंदा आधीपासून चालू होता, गिऱ्हाईक बांधलेलं होतं; अडत होतं ते किराणा भरायच्या पैशापाशी. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

हैदराबादमध्ये काय दिसलं

कर्जाने धंदा वाढतो का, हे नीट तपासायचं तर कर्ज मिळालेल्या आणि न मिळालेल्या सारख्याच वस्त्यांची तुलना करावी लागते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी तशी तुलना हैदराबादमध्ये केली. शहरातल्या १०४ वस्त्यांपैकी चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या ५२ वस्त्यांत स्पंदना या कंपनीने २००६-०७ मध्ये कर्जवाटप सुरू केलं. उरलेल्या ५२ मागे ठेवल्या. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, फेड ५० आठवड्यांत, व्याज १२ टक्के ‘फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच. त्यामुळे खरा दर जवळपास दुप्पट, २४ टक्क्यांच्या आसपास पडतो.

दीड वर्षाने पाहणी झाली तेव्हा चित्र ना भक्तांना आवडेल असं होतं, ना टीकाकारांना. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात जास्त पैसा घातला. नफा वाढला, पण तो मुख्यतः ज्यांचे धंदे आधीच सगळ्यांत बरे चालले होते अशा मूठभरांचा. नव्याने उभे राहिलेले धंदे अधिक छोटे आणि कमी नफ्याचे निघाले. घराचा एकूण महिन्याचा खर्च वाढला नाही. टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली; पान-तंबाखू, बाहेरचा चहा-फराळ यांवरचा खर्च घटला. मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरात बाईच्या शब्दाला असलेलं वजन, यांत ठळक बदल दिसला नाही. हा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे आंध्र प्रदेशातलं मायक्रोफायनान्स २०१० च्या अध्यादेशानंतर जवळपास बंदच पडलं. कर्ज येणं थांबल्यावरही संशोधकांनी त्याच घरांची पुन्हा पाहणी केली. कर्ज यायच्या आधीपासून धंदा करणाऱ्यांची मालमत्ता आणि उलाढाल तेव्हाही वरचढ होती. कर्जाच्या भरवशावर धंद्यात उतरलेल्यांच्या हाती मात्र टिकाऊ असं फारसं काही लागलं नव्हतं. थोडक्यात, चालत्या गाडीला हे कर्ज ढकलतं. उभ्या गाडीला सुरू करायला ते क्वचितच पुरतं.

हप्त्याचं गणित

यामागचं मोठं कारण व्याजदर असावं असं वाटतं, पण त्याहून जास्त पकड हप्त्याच्या वेळापत्रकाची असते. समजा, ५०,००० रुपये २४ टक्क्यांनी, कमी होत जाणाऱ्या शिलकीवर, २४ महिन्यांसाठी घेतले. हप्ता सुमारे २,६४४ रुपये बसतो आणि एकूण फेड सुमारे ६३,४५० रुपये. महिन्याला २६ दिवस काम धरलं तर दिवसाला १०२ रुपये निव्वळ हप्त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत, तेही पहिल्या महिन्यापासून. प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापला जात असेल तर हातात ५०,००० येतच नाहीत.

भाजीवालीला हे जमतं. पहाटे मार्केटला माल उचलला, संध्याकाळपर्यंत पैसा परत. चहाच्या गाड्याचं, वडापावचंही तसंच. पण बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेतल्या मागवाल्याचं काय? सूत आज घ्यायचं, साडी नंतर उतरायची, व्यापाऱ्याचे पैसे त्याच्याही नंतर. खानापूरच्या कुंभाराचं काम पावसाळ्यात मंदावतं. गणपतीच्या मूर्ती करणारा महिनोन्‌महिने माती, रंग, मजुरी यांत पैसा ओततो आणि वसूल होतो तो चतुर्थीच्या तोंडावर. म्हैस आटली की दूध थांबतं, हप्ता थांबत नाही. अशा धंद्यात पहिल्या महिन्यांचे हप्ते कर्जाच्याच पैशातून जातात; म्हणजे ५०,००० घेऊन धंद्यात ३५-४० हजारच पडतात. मग माणूस माग घेण्याऐवजी लगेच फिरणारा माल घेतो. धंदा चालतो, पण वाढत नाही.

कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. काही गटांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी पहिला हप्ता लावला, काहींना दोन महिन्यांनी. बाकी अटी सारख्याच. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त गुंतवलं आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त होता. मात्र याच गटांत कर्ज थकवणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. हा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. कंपन्या सवलत का देत नाहीत याचं उत्तर त्यातच आहे. वाढलेला नफा कर्जदाराचा, वाढलेली बुडीत रक्कम कंपनीची.

पैसा बाईच्या नावावर, धंदा कुणाचा?

मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुतेक बाईच्या नावाने निघतं. बायकांच्या धंद्यात परतावा कमी दिसतो असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकडेवारीची फेरतपासणी झाली तेव्हा वेगळंच निघालं: घरात दोन धंदे असले तर बाईच्या नावाचा पैसा नवऱ्याच्या धंद्यात जातो. घर म्हणून पाहिलं तर पैसा वाया गेलेला नसतो. पण मीटिंगला बसायचं, हप्ता चुकला की चार जणींसमोर मान खाली घालायची, ते तिच्या वाट्याला. नवऱ्याचा टेम्पो वाढला आणि तिचं शिलाई मशीन होतं तिथेच राहिलं, हे कर्जाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

एकावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं

धंद्याला खरा फास बसतो तो दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरायला लागल्यावर. २०२२ च्या नियमांनी यावर एक मर्यादा घातली: कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाता कामा नयेत. त्याच वेळी व्याजदरावरची जुनी कमाल मर्यादा मात्र उठली. कंपन्यांच्या संघटनेनेही एका कर्जदाराला जास्तीत जास्त तीनच संस्थांनी कर्ज द्यावं, असा दंडक एप्रिल २०२५ पासून लावला. कागदावर ठीक आहे. अडचण ही की छोट्या धंदेवाल्याचं उत्पन्न तोंडी सांगण्यावर ठरतं, आणि कर्ज हवं असलेला माणूस ते कमी सांगत नाही. शिवाय शेजारणीसाठी, नणंदेसाठी ‘माझ्या नावावर काढते, तू भर’ हा प्रकार कुठल्याच नोंदीत येत नाही.

वसुलीच्या छळाच्या तक्रारी बेळगावसह अनेक जिल्ह्यांतून आल्यावर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला. जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. ‘कर्ज माफ झालं’ अशी आवई उठली तरी ते खरं नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या संस्थांचं कर्ज तसंच राहतं. रोख आहे तो नोंदणी नसलेल्या सावकारांवर.

कडक कायद्याचीही एक किंमत असते. २०१० मध्ये आंध्रातली वसुली ठप्प झाली तेव्हा तिथे अडकलेल्या कंपन्यांनी इतर राज्यांतलं वाटपही आखडतं घेतलं. आंध्रात एक रुपया न बुडवलेल्या जिल्ह्यांत कर्ज आटलं आणि रोजंदारीची मजुरी खाली आली, असं एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन यांच्या अभ्यासात दिसलं. कर्ज न घेणाऱ्या मजुरालाही त्याची झळ लागली, कारण त्याला कामाला लावणारा छोटा धंदेवालाच अडला होता.

कर्ज काढण्याआधी

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी, धंद्यासाठी मुद्राच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि बचत गटांना ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी बँक कर्ज, हे पर्याय साधारणपणे कंपनीच्या कर्जापेक्षा स्वस्त पडतात. हेलपाटे मात्र जास्त. कंपनी दारात येते, बँकेच्या दारात आपल्याला जावं लागतं. फायनान्सवाल्यांचा अर्धा धंदा या एका फरकावर चालतो.

कंपनीचंच घ्यायचं ठरलं तर काही हक्क माहीत असलेले बरे. एकूण वार्षिक दर लिहिलेलं माहितीपत्रक मागता येतं. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. उशीर झाल्यास दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. विमा किंवा कुठलीही वस्तू कर्जदाराच्या संमतीशिवाय गळ्यात मारता येत नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायला मनाई आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि कर्जाचं कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेतच हवं, असं नियम सांगतो. बेळगावात, गोव्यात किंवा हैदराबादेत ते मराठीत मागायचा हक्क त्यातच येतो.