पाया नसलेली दुर्बीण

फुग्याखाली लांब दोराने टांगलेली दुर्बीण म्हणजे एक प्रचंड लंबकच. 25 किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की तारे लुकलुकत नाहीत. पण दोराचा झोका, फुग्याचे सावकाश फिरणे आणि यंत्रांतील मोटारींचे कंप दुर्बिणीपर्यंत पोचतातच. वेधशाळेत हे कंप पोटात घ्यायला जमिनीत रोवलेला भक्कम खांब असतो. इथे पायाच नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मार्टिन श्वार्झशिल्ड यांनी 1957 मध्ये स्ट्रॅटोस्कोप-1 ही 12 इंची दुर्बीण अमेरिकेच्या आकाशात सुमारे 25 किलोमीटर उंच नेली. सूर्यपृष्ठावरील कणिकांची तोवरची सर्वांत रेखीव छायाचित्रे तिने दिली. मात्र उड्डाणात तिच्यावर खालून ताबा नव्हता. भराभर छायाचित्रे घ्यायची आणि त्यांतली साधलेली निवडायची, एवढेच हाती होते. 1959 मध्ये दूरचित्रवाणी कॅमेरा जोडला गेला, तेव्हा कुठे जमिनीवरून रोख धरता येऊ लागला.

झगझगीत सूर्यापेक्षा अंधुक तारा धरून ठेवणे फार अवघड. 1963 मध्ये टेक्सासमधील पॅलेस्टाइन येथून उडालेल्या 36 इंची स्ट्रॅटोस्कोप-2 पुढे ते आव्हान होते. बेअरिंगमध्ये धातू धातूला आधी अडकतो, मग अचानक निसटतो. तेवढ्या झटक्यानेही प्रतिमा पुसट होते. म्हणून दुर्बिणीचा भार पाऱ्यावर तरंगता ठेवला. शिवाय काम दोघांत वाटले: अवजड सांगाड्याने ढोबळ रोख धरायचा आणि उरलेली थरथर प्रकाशाच्या वाटेतल्या हलक्या भिंगाने सरकून भरून काढायची. उद्दिष्ट होते विकलेच्या पन्नासाव्या भागाचे. एका अंशात 3600 विकला असतात. या क्षेत्रातली सर्वांत दूरगामी कल्पना हीच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची 1 मीटर आरशाची दुर्बीण 1980 च्या दशकापासून हैदराबादहून उडू लागली. ती दूर-अवरक्त प्रकाश टिपत असे. 200 मायक्रोमीटर तरंगलांबीला अशा आरशातली प्रतिमा मुळातच सुमारे 50 विकला पसरते. त्यामुळे कलेच्या (60 विकलांच्या) काही भागापर्यंतची स्थिरता तिला पुरत होती. गरज नेमकी ओळखण्यातही अभियंत्याचे कसब असते.

दृश्य प्रकाशासाठी मात्र दुहेरी रचनाच टिकली. 2009 मध्ये स्वीडनमधील किरुनाजवळून उडालेल्या ‘सनराइज’ या सौर दुर्बिणीत भिंगाची जागा झपाट्याने कलणाऱ्या छोट्या आरशाने घेतली. 2023 मध्ये न्यूझीलंडहून निघालेली ‘सुपरबिट’ही तसाच आरसा वापरून सुमारे 40 दिवस दक्षिण गोलार्धावरून फिरत राहिली.